'नोकऱ्या मागू नका' म्हणणाऱ्यांना आमचे काही सवाल

एप्रिल आला की आमच्या वस्त्यांमध्ये दोन प्रकारचे फ्लेक्स लागतात. एक जयंतीचा. दुसरा गेल्या दहा वर्षांत वाढत गेलेला, 'उद्योजकता मार्गदर्शन मेळाव्या'चा. त्यावर बाबासाहेबांचा कोटातला फोटो, खाली प्रायोजकांची नावं आणि ठळक अक्षरात एक घोषवाक्य: नोकऱ्या मागणारे नव्हे, नोकऱ्या देणारे व्हा. मेळाव्यात बँकेचे एक अधिकारी मुद्रा योजना समजावतात, एक यशस्वी उद्योजक आपली कहाणी सांगतात. दोनशे-तीनशे मुलंमुली टाळ्या वाजवतात, अर्ज घेतात आणि घरी जातात. जाताना त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसते, की नोकरी नाही हा आपलाच कमीपणा आहे, आपल्यात धंद्याची हिंमत नाही.

हे घोषवाक्य चळवळीच्या नावानं दिलं जातंय, म्हणून त्याची तपासणी चळवळीच्या माणसांनीच करायला हवी.

सुरुवात सरकारच्याच आकड्यांपासून करू. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस. २०१७-१८ मध्ये देशात काम करणाऱ्या दर शंभर माणसांमध्ये ५२.२ जण स्वयंरोजगारी होते. २०२३-२४ मध्ये ते ५८.४ झाले. पगारी नोकरीवाले २२.८ होते, ते २१.७ वर आले. रोजंदारीवर जाणारे २४.९ वरून १९.८ वर आले. याच काळात बेरोजगारीचा दर ६ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आला आणि सत्ताधाऱ्यांनी छाती फुगवली. तरुण देश, स्टार्टअपचा देश, आत्मनिर्भर देश.

आता हाच आकडा फोडून बघा. सर्वेक्षणात 'स्वयंरोजगारी' या एका शब्दाखाली दोन गट येतात. पहिला, स्वतःचा धंदा स्वतः करणारे आणि माणसं कामाला ठेवणारे मालक. दुसरा, घरच्या धंद्यात किंवा शेतात हात लावणारे, ज्यांना पगार म्हणून एक रुपया मिळत नाही. पहिला गट २०१७-१८ मध्ये ३८.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३९ टक्के. म्हणजे जिथे होता तिथेच. दुसरा गट १३.६ वरून १९.४ वर गेला. सहा वर्षांत स्वयंरोजगार ६.२ टक्क्यांनी वाढला आणि त्यातले ५.८ टक्के हे बिनपगारी मदतनीस आहेत. वाढ झाली ती यांची. नोकऱ्या देणारे वाढलेच नाहीत.

आणखी एक आकडा. असंघटित क्षेत्रातल्या बिगरशेती धंद्यांचं सरकारी सर्वेक्षण २०२३-२४ साली झालं, त्यात देशभरात ७.३४ कोटी धंदे निघाले आणि त्यात काम करणारी माणसं निघाली साधारण १२ कोटी. भागाकार करा. एका धंद्यामागे दोन माणसंही येत नाहीत. त्यात मालक स्वतः धरलेला आहे. 'नोकरी देणारा' इथे कोण आणि कुणाला देणार? बायकोला?

बायकोचा उल्लेख आम्ही गमतीनं केलेला नाही. काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वयंरोजगारी म्हणवल्या जाणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये ५१.९ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ६७.४ टक्के झालं. स्त्रियांचा श्रमबाजारातला सहभाग २३.३ टक्क्यांवरून ४१.७ वर गेला, याचं कौतुक संसदेपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे झालं. पण या कामकरी स्त्रियांमधल्या ३६.७ टक्के घरच्या धंद्यातल्या बिनपगारी मदतनीस आहेत. नवऱ्याच्या टपरीवर भजी तळणारी, सासऱ्याच्या शेतात निंदणारी, आणि दुपारी घरी बसून नगावर टिकल्या चिकटवणारी बाई. हे सगळं ती आधीपासून करतच होती, आता फक्त मोजली जाऊ लागली, असं काही अभ्यासक म्हणतात. त्यात थोडं तथ्य असेलही. मग तर सवाल आणखी टोकदार होतो. जे काम आधीपासून फुकट होतं ते आता रोजगार म्हणून मोजता, आणि फुकटच ठेवता?

कोणी म्हणेल, लोक स्वखुशीनं धंद्याकडे वळतायत, नोकरीची गुलामी नको झालीय. ही गोष्ट खरी की खोटी हे तपासायला एक साधी कसोटी आहे. माणसं एखाद्या कामाकडे आपखुशीनं धावतात तेव्हा तिथे कमाई बरी असते. २०२४-२५ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात महागाई वजा करून कमाईचे आकडे दिलेत. स्वयंरोजगारी पुरुषाची महिन्याची कमाई २०१७-१८ मध्ये ९,४५४ रुपये होती, २०२३-२४ मध्ये ती ८,५९१ झाली. स्वयंरोजगारी स्त्रीची ४,३४८ वरून २,९५० वर आली. जवळजवळ एक तृतीयांश गेली. पगारदारांचीही कमाई घटली, पण पगारदार पुरुष ११,८५८ वर होता आणि स्त्री ८,८५५ वर. ज्या गाडीत बसायला जागा नाही त्या गाडीत माणूस का चढतो? मागून दुसरी गाडी येणारच नाही हे त्याला कळलेलं असतं म्हणून.

दुसरी गाडी कुणी बंद केली, हे सांगितल्याशिवाय स्वयंरोजगाराची कारणं सांगून होत नाहीत. नोटबंदी, घाईची जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी यांनी छोट्या कारखान्यांचं काय केलं हे वस्तीतला प्रत्येक जण जाणतो. टाळेबंदीत शहरातून पायी परत गेलेली माणसं शेतीत शिरली. शेतीवर पोट असणाऱ्यांचं प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के. जगाच्या इतिहासात देश पुढे जातो तेव्हा माणसं शेतीतून कारखान्यात जातात. आपल्याकडे उलटी गंगा. आणि ज्यांच्याकडे शेती आहे त्यांना परतायला निदान बांध तरी आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण वहिवाटीच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडे ९ टक्केसुद्धा नव्हतं. म्हणून गावात आपला माणूस आजही इतरांपेक्षा जास्त प्रमाणात रोजंदारीवर दिसतो, आणि शहरात त्याची 'शेती' म्हणजे हातगाडी, ई-रिक्षा, किंवा पाठीवरची डिलिव्हरीची पिशवी.

पण आपल्या लोकांसाठी सगळ्यात मोठा दरवाजा वेगळाच होता. सरकारी नोकरी. आणि तो वाऱ्यानं लागलेला नाही, तो लोटून घेतलेला आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या मंजूर ४० लाख पदांपैकी सुमारे ९ लाख ७९ हजार रिकामी होती. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांमध्ये २०१३ साली १७.३ लाख माणसं होती, २०२२ मध्ये १४.६ लाख राहिली. आणि जी राहिली त्यांच्यात कंत्राटी माणसांचं प्रमाण १७ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. कंत्राटी भरतीत बिंदुनामावली कोण बघतं? महाराष्ट्रात तर सप्टेंबर २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला होता, नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी खात्यांना माणसं पुरवायची. शिपायापासून इंजिनिअरपर्यंत. तरुण रस्त्यावर आले म्हणून महिना-दीड महिन्यात तो मागे घ्यावा लागला. तो निर्णय गेला, तरी कंत्राटीकरणाची नियत गेलेली नाही.

त्याच वर्षी तलाठी भरती झाली. साडेचार हजारांच्या आसपास जागा, दहा लाखांवर अर्ज. फी एक हजार, राखीव प्रवर्गाला नऊशे. त्या दहा लाख पोरांना आळशी म्हणायची हिंमत कुणाची आहे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार, बेरोजगार तरुणांमध्ये दहावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्यांचं प्रमाण २००० साली ३५.२ टक्के होतं, २०२२ मध्ये ते ६५.७ टक्के झालं. 'शिका' हा आदेश आमच्या लोकांनी पोटाला चिमटा काढून पाळला. शिकून बाहेर आलो तेव्हा दारावर पाटी होती: भजी तळा. ही आमची अतिशयोक्ती नाही. जानेवारी २०१८ मध्ये देशाच्या पंतप्रधानांनी मुलाखतीत हेच विचारलं होतं, भजी विकून संध्याकाळी दोनशे रुपये घरी नेणारा रोजगारात धरायचा की नाही.

धरा ना. पण मग हिशेबही धरा. आमच्या ओळखीतल्या एका एम.ए. झालेल्या मुलानं ई-रिक्षा घेतली. त्याच्या वहीतला हिशेब त्याच्या परवानगीनं मांडतो. दिवसाचा गल्ला सरासरी ९००, महिन्याचे २६ दिवस, एकूण २३,४००. दीड लाखाचं कर्ज, त्याचा हप्ता ७,२००. चार्जिंग रोजचे ८०, म्हणजे २,०८०. बॅटरी आणि टायरसाठी बाजूला काढायचे २,५००, कारण बॅटरी दीड वर्षात बसते. हातात उरतात ११,६२०. बारा तासांचा दिवस, महिन्याचे ३१२ तास. तासाला ३७ रुपये. आजारी पडला की शून्य, पण हप्ता चालूच. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्यासाठी झगडले, १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्यानं आठवड्याचे ४८ तास ठरले. या मुलाचे आठवड्याचे ७२ होतात. त्याला ४८ चा कायदा लागू नाही, कारण तो 'मालक' आहे.

इथे मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. कामगारांसाठी जे काही मिळवलं, कामाचे तास, किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, बाळंतपणाची रजा, ते सगळं एका खुंटीला टांगलेलं आहे. ती खुंटी म्हणजे मालक. समोर मालक असेल तर त्याच्यावर खटला भरता येतो, संप करता येतो. आरक्षणाचंही तेच. आरक्षणाला नोकरी लागते. स्वयंरोजगारात कुठलं आरक्षण, कुठला अनुशेष, कुठली पदोन्नती? मालकच कागदावरून गायब केला की कायदे न मोडता सगळे हक्क आपोआप गळून पडतात. राज्यघटनेला हातही लावायची गरज पडत नाही. घटना बदलणार का, यावर आपण निवडणुका लढतो. तिकडे घटनेतलं कलम १६(४) लागू होईल अशी जागाच दरवर्षी कमी होते, त्यावर मोर्चा निघत नाही.

मालक गायब करण्याची कला ॲपवाल्या कंपन्यांनी पूर्णत्वाला नेली. जेवण पोचवणारा 'पार्टनर' आहे, गाडी चालवणारा 'पार्टनर' आहे. हा कसला भागीदार, ज्याला नफ्यात वाटा नाही, दर ठरवण्यात मत नाही, आणि ज्याला कोणत्याही सकाळी आयडी ब्लॉक करून काढता येतं? २०१८ मध्ये जिनिव्हाच्या कामगार-आकडेवारी परिषदेनं अशा माणसांसाठी 'अवलंबित कंत्राटदार' असा वेगळा वर्ग केला, म्हणजे नावाला स्वतंत्र आणि पोटाला एकाच धन्यावर अवलंबून. नीती आयोगानं २०२०-२१ मध्ये देशात असे गिग कामगार ७७ लाख धरले आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असं सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचं नाव आलं खरं, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत द्यावेत असंही आलं. पण त्यांची व्याख्याच मुळी पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेरचे अशी आहे. म्हणजे दान मिळेल, हक्क मिळणार नाही.

आमच्या वाचकांना हे चित्र ओळखीचं वाटायला हवं. बलुतं आठवा. महाराचं काम ठरलेलं नव्हतं, गाव सांगेल ते. वेळ ठरलेली नव्हती, रात्री-अपरात्री वर्दी आली की निघायचं. मोबदला ठरलेला नव्हता, रयतेनं खुशीनं खळ्यावर घातलं तर घातलं. सरकारचं काम करायचं, पण सरकार म्हणणार आम्ही तुझे मालक नाही. सगळं गाव मालक, म्हणून कुणीच मालक नाही. आणि गावानं बलुतं बंद केलं तर दाद कुणाकडे? आयडी ब्लॉक झाला तर दाद कुणाकडे? फरक एवढाच की तेव्हा तराळाच्या हातात काठी होती आणि आता मोबाईल आहे, आणि तेव्हा त्याला कुणी उद्योजक म्हणत नव्हतं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते यासाठीच, की कामाला ठरलेला मोबदला हवा आणि तो देणारा ठरलेला हवा. ती वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. ज्या बापजाद्यांनी बलुतं टाकून मुंबईची गिरणी, नागपूरची एम्प्रेस मिल, रेल्वेचं यार्ड गाठलं, त्यांना महिन्याच्या ठरल्या तारखेला मिळणारा ठरलेला पगार म्हणजे काय होतं, हे आज मेळाव्यात भाषण देणाऱ्यांना कळणार नाही. तिथेही जात होतीच. मुंबईच्या गिरण्यांत जिथे पैसा जास्त त्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धागा तोंडानं ओढावा लागे, आणि बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना त्यावरून धारेवर धरलं. पण त्यांनी गिरणी सोडा आणि दुकान टाका असं सांगितलं नाही. विणकाम खातं आम्हाला उघडा, असं सांगितलं.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आज मॉल आहे.

आता दुसरा सवाल, बाजाराचा. समजा आपल्या पोरानं हिंमत केली. बाजार त्याला जात विसरून पैसा देतो का? मेळाव्यांत बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्यांनी त्यांचा १९१७ चा अनुभव जरूर सांगावा. बडोद्याची नोकरी अपमानानं सोडून ते मुंबईत आले आणि त्यांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदा सुरू केला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस. सुरुवातीला धंदा बरा चालला. सल्ला देणारा महार आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईना. कर्ज नव्हतं, कौशल्य नव्हतं, हिंमत नव्हती असं बाबासाहेबांबद्दल कुणी म्हणेल का?

शंभर वर्षांनी काय बदललं? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांगच्या शाळेत दलित बाईनं शिजवलेलं जेवण सवर्ण मुलांनी नाकारलं. ते सरकारी जेवण होतं, फुकट होतं, तरी नाकारलं. मग विकत घ्यायची वेळ आल्यावर काय होईल? जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या हॉटेलवाल्यांना मालकाचं नाव दर्शनी लावायचा फतवा निघाला, सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. निशाणा मुसलमान होते, पण पाटीवरचं नाव वाचून घास घ्यायचा की नाही हे ठरवणारी सवय कुठून आली हे आम्हाला कुणी शिकवायला नको. आमच्याच शहरात बौद्ध पोरांच्या पोह्याच्या गाड्यांवर कुठल्या कुठल्या देवांची नावं असतात ती एकदा बघा. ती पोरं धर्म विसरलेली नाहीत, त्यांना गिऱ्हाईक हवंय. (आपल्या माणसाला आपल्या नावानं बिनधास्त विकता येईल असा बाजार वर्षातून थोडेच दिवस भरतो, दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर. तिथला पुस्तकांचा खप पाहून मोठमोठे प्रकाशक चकित होतात.)

नोकरीच्या बाजारातला भेदभाव थोरात आणि ॲटवेल यांच्या २००७ च्या अभ्यासानं दाखवला: अर्ज सारखे, पदव्या सारख्या, फक्त आडनावं वेगळी, आणि दलित आडनावाला मुलाखतीचं बोलावणं कमी. धंद्यात तेच आडनाव गिऱ्हाईकापुढे जातं, घाऊक व्यापाऱ्यापुढे उधारी मागायला जातं, गाळा भाड्यानं मागायला जातं. २००५ च्या आर्थिक गणनेत अनुसूचित जातींच्या मालकीचे धंदे ९.८ टक्के निघाले, लोकसंख्येतला वाटा १६ टक्क्यांवर असताना. धंद्याचा आकार जसा मोठा होतो तसे आपण त्यातून विरळ होत जातो. भांडवल, ओळख, सासऱ्याचं दुकान, मामाची एजन्सी हे जातीतूनच मिळतं. ज्याला धंद्याची अक्कल म्हणून मिरवलं जातं, ती बऱ्याचदा वारसाहक्कानं आलेली पत असते.

सरकारी योजनांचं बघा. मुद्राच्या खात्यांमध्ये संख्येनं सगळ्यात जास्त 'शिशू' गटातली, ५० हजारांपर्यंतची कर्जं आहेत. एवढ्यात हातगाडी येते, गाळा येत नाही. स्टँडअप इंडियात २०२५ पर्यंत दहा लाख ते एक कोटी मिळत होते, प्रत्येक बँक शाखेनं किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला द्यायचे होते. आपापल्या भागातल्या शाखांमध्ये माहितीचा अधिकार टाकून बघा, कुणाला दिले. २०१२ च्या खरेदी धोरणात केंद्राच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून करायची असं ठरलं. दशक उलटलं, त्या चार टक्क्यांच्या जवळपासही गाडी गेली नाही. आणि गटारसफाईचं? ते संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून करून घेऊ नये असा २०१३ चा कायदा आहे. त्यासाठी केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत सफाई कामगारांना यंत्र घ्यायला कर्ज आणि अनुदान देऊन 'सॅनिप्रेन्यर' बनवायचं ठरलं. यंत्र यायलाच हवं, पण ते पालिकेनं घ्यावं आणि चालवणाऱ्याला कायम नोकरी द्यावी. ज्या कामातून बाहेर पडायचं तेच काम कर्ज काढून स्वतःच्या मालकीचं करायचं, ही कुठली मुक्ती?

आमचा धंद्याला विरोध आहे असा अर्थ कुणी काढेल, म्हणून स्पष्ट सांगतो. मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात डिक्की उभी केली, आपल्या माणसांनी कारखाने काढले, त्याचा आम्हाला आनंद आहे. ज्याच्याकडे भांडवल आणि संधी आहे त्यानं जरूर उतरावं, त्या चार टक्क्यांसाठी आम्हीही भांडू. गाडी लावून घर चालवणाऱ्या मावशी तर आमच्यासाठी कुठल्याही व्याख्यात्यापेक्षा मोठ्या आहेत. आमचा आक्षेप दोनशे कारखानदारांची गोष्ट लाखो बेरोजगारांना धोरण म्हणून विकण्याला आहे. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी पक्ष काढला त्याचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. १९४७ मध्ये घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली, कारण उपाशी माणसाचं स्वातंत्र्य मालकाच्या दारात गहाण पडतं हे त्यांना दिसत होतं. इतकं सगळं लिहून ठेवलेल्या माणसाचा फोटो लावून 'नोकऱ्या मागू नका' सांगायचं, याला काय म्हणावं?

मग मागायचं काय? रिक्त पदं भरा, कंत्राटीकरण बंद करा, हे आहेच. पण जी माणसं आज रस्त्यावर 'स्वयंरोजगारी' म्हणून उभी आहेत त्यांना भरती निघेपर्यंत थांबा म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात पन्नास वर्षांहून जुना रस्ता आहे आणि तो आपल्याच पोरांना माहीत नाही. १९६९ चा माथाडी कायदा. हमालाला एक मालक नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या. तेव्हाही व्यापारी म्हणत होते, हे आमचे नोकर नाहीत. कायद्यानं मंडळ नेमलं, कामगारांची आणि व्यापाऱ्यांची नोंदणी केली, मजुरीवर व्यापाऱ्यांकडून लेव्ही घेतली आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, दवाखाना उभा केला. मालक सापडत नाही म्हणून हक्क सोडला नाही, जे जे श्रम वापरतात त्या सगळ्यांना मिळून मालक ठरवलं. पुण्यात कचरावेचक बायांनी, त्यातल्या बहुसंख्य आपल्याच, १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली, ओळखपत्रं मिळवली, आणि पुढे 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था काढून पालिकेशी करार केला. राजस्थाननं २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी वेगळा कायदा केला. महाराष्ट्रात तर नमुना घरातच आहे. ॲपवर प्रत्येक फेरीची नोंद असते, कुणी किती काम केलं हे पैशापर्यंत मोजता येतं, म्हणजे लेव्ही कापणं गाळ्यापेक्षा सोपं.

फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदाही असाच धूळ खात पडलाय. त्यात नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यात अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना प्रतिनिधित्व हवं, आणि सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. तुमच्या पालिकेत ही समिती आहे का? असली तर निवडणूक झाली का? अतिक्रमणची गाडी येऊन मावशीचा काटा आणि टोपली उचलून नेते तेव्हा तिथे हजर राहून कायद्याची प्रत दाखवणारे दोन कार्यकर्ते वस्तीत असले पाहिजेत.

म्हणून या वर्षीच्या जयंती मंडळांना आमची सूचना अशी. मेळावा घ्यायचा तर घ्या. बँकेच्या अधिकाऱ्यांना बोलवा, सोबत कामगार उपायुक्तांनाही बोलवा. वस्तीतल्या ई-रिक्षावाल्यांची, डिलिव्हरी करणाऱ्यांची, नगावर काम करणाऱ्या बायांची यादी करा: रोजचे तास, हप्ता, हातात उरलेली रक्कम, दर कोण ठरवतं, काम कोण बंद करू शकतं. पंधरा-वीस पोरं बसली तर दोन रविवारांचं काम आहे. ती यादी स्टेजवरून वाचा आणि मग पाहुण्यांना विचारा, यातले मालक कोणते ते दाखवा. आम्ही आमच्या प्रभागात हे काम सुरू केलंय. आतापर्यंत ११४ घरं झाली, प्रश्नांचा नमुना ज्यांना हवा त्यांनी कळवावं, पाठवून देऊ.